निळ्या गाठींची दोरी

११ जानेवारी

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, आणि माझ्या नातीला तिच्या कुरळ्या डोक्यावर माझ्यातर्फे एक टपली. इकडे मी मजेत. गुडघा कुरकुरतो, पण शाळेत त्याचं कोण ऐकतं?

चौतीस वर्षांच्या बाईला खारूताई म्हणतो म्हणून रागावू नकोस. शाळेच्या दोरावर सरसर चढायचीस तेव्हापासून हे नाव जिभेवर बसलंय, आता उतरत नाही.

तुझा निरोप फोनवर वाचला. ‘पाचवीतल्या दोनशे मीटरचं पहिल्या नंबरचं प्रशस्तिपत्र पाठवा. आईने कधी काही जिंकलंय यावर हिचा विश्वास बसत नाही.’ मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला, कारण त्या बारक्या अक्षरांवर माझी बोटं चालत नाहीत. म्हणून हे पत्र. प्रशस्तिपत्र शोधतो आहे. कपाट सगळं उपसलं, अजून हाती लागलेलं नाही. सापडलं की पाठवतो.

शाळेत क्रीडा-सप्ताहाची गडबड आहे. तिसरीच्या वर्गाला शर्यतीची सुरुवात शिकवतोय. ‘तयार’ म्हटलं की अर्धा वर्ग पळत सुटतो आणि शिट्टी वाजली की उरलेला अर्धा विचारतो, ‘‘सर, आता?’’ परवा एक पोरगी सगळ्यांच्या पुढे होती आणि शेवटच्या फितीपाशी येऊन गपकन थांबली. म्हटलं, ‘‘अगं, थांबलीस का?’’ तर म्हणते, ‘‘तुटली असती ना!’’ आता हिला काय शिकवायचं, सांग. पस्तीस वर्षं मी ‘रेषेच्या पुढे पाच पावलं पळायचं’ असं घसा फोडून सांगतोय, आणि फितीची काळजी कुणाला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चार महिन्यांनी मी निवृत्त होणार. माझ्या जागी येणाऱ्या नव्या बाई आत्तापासूनच माझ्याबरोबर मैदानावर असतात. पोरगी हुशार आहे, पण प्रश्न फार. काल सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या दोन दोऱ्या बघून म्हणाली, ‘‘सर, या दोन कशाला?’’ मी समजावलं. वळणावर बाहेरच्या लेनला जास्त अंतर पडतं, म्हणून बाहेरच्या मुलाला पुढून सोडायचं. प्रत्येक लेनला किती पुढे, ते दरवर्षी मोजत बसायला नको म्हणून मी दोरीला गाठी मारून ठेवल्यात. लाल गाठींची दोरी पूर्ण फेरीच्या शर्यतीला, निळ्या गाठींची अर्ध्या फेरीच्या. निळ्या गाठींमधलं अंतर लालच्या बरोबर निम्मं. दोरी ताणायची, गाठ आली की फक्कीने रेघ मारायची. काम फत्ते.

‘‘आणि चुकून दुसरीच दोरी घेतली तर?’’

‘‘घ्यायची नाही,’’ मी म्हणालो. ती हसली. मी तिला वाळूच्या खड्ड्याकडे घेऊन गेलो आणि वाळू सपाट करायचं काम लावलं.

घरी सगळं ठीक. एकट्यापुरतं शिजवायचं म्हणजे सगळ्यात लहान पातेलंही मोठंच वाटतं. काल दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला आणि मी दुधाला मोठ्याने ‘‘शाबास!’’ म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

पत्राचं उत्तर पत्राने दिलंस तर आवडेल. न दिलंस तरी चालेल.

बाबा


२९ जानेवारी

प्रिय खारूताई,

आशीर्वाद. तुझा दुसरा निरोप आला, ‘सापडलं का?’ त्यावर मी पुन्हा अंगठा पाठवला. सापडलं की नाही, यातलं काहीच त्या अंगठ्यातून कळत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच पाठवला.

आता खरं सांगतो. कपाट उपसलं वगैरे थाप होती. प्रशस्तिपत्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, खाकी पाकिटात. तेवीस वर्षं तिथेच आहे. मी खण दिवसातून चार वेळा उघडतो, कारण चष्माही तिथेच ठेवतो. ते पाकीट बाजूला सारून चष्मा काढायची हाताला सवय झाली आहे.

का पाठवलं नाही, ते लिहायला बसलो आहे खरा. पण आधी दुसरंच काही सांगतो.

तुझ्या वर्गातली ढांगी आठवते? उंच, सडपातळ, एका ढांगेत तुझी दोन पावलं घ्यायची ती. ती इथेच असते. चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर तीच बसते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला तिच्याच हातून घेतो. मी दारात दिसलो की ‘‘या सर!’’ म्हणून उठून उभी राहते, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि तरी मी दुसऱ्या दुकानात जात नाही. माझं नीट बोलणं होतं ते दोन-तीनच माणसांशी. त्यातली ती एक.

तिची मुलगी माझ्याच तिसरीच्या वर्गात आहे. आईसारखीच ढांग. पण पळताना मान अशी ताठ धरते, की जणू डोक्यावर पाण्याची कळशी आहे. सोमवारी ती शेजारच्या लेनमधल्या मुलीवर सरळ जाऊन आदळली. दोघींचे गुडघे फुटले. मी औषध लावता लावता म्हटलं, ‘‘अगं, जरा इकडेतिकडे बघत जा की!’’

‘‘नाही सर. आई म्हणते, मान वळवली की हरतो. आई एकदा तशीच हरली होती. तिला तिच्या सरांनी सांगितलं होतं.’’

ते सर म्हणजे मीच, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. मी कापूस हातात धरून बसून राहिलो. शेवटी नव्या बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पट्टी बांधली.

आज एवढंच लिहवतं आहे. पाकीट अजून खणातच आहे.

बाबा


८ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

आज आशीर्वाद लिहीत नाही. सगळं वाचून झाल्यावर ते तुला हवेसे वाटले, तर आहेतच.

तुम्ही पाचवीत होतात, त्याच्या आदल्या वर्षापर्यंत मुलींची शर्यत अर्ध्या फेरीची असायची. त्या वर्षी निवासी क्रीडाशाळेने प्रत्येक शाळेतून एका मुलीचं नाव मागवलं, दोनशे मीटरमध्ये पहिली येईल तिचं. आपल्या मैदानाची एक फेरी दोनशे मीटरची, म्हणून आपण पूर्ण फेरी ठेवली. मी सकाळी मैदान आखायला गेलो आणि हात सवयीने निळ्या दोरीवर गेला. अर्ध्या फेरीची दोरी लावून मी पूर्ण फेरीच्या रेघा मारल्या.

तुला पहिली लेन चिठ्ठीत आली होती, त्यात काही काळंबेरं नव्हतं. पहिल्या लेनला दोरी लागतच नाही. तू बरोबर दोनशे मीटर पळालीस. ढांगी पाचव्या लेनमध्ये होती. तिला मी जिथून सोडायला हवं होतं, त्याच्या साडेबारा मीटर मागून सोडलं. एवढं जादा पळूनही ती तुझ्याहून फक्त एका छातीने मागे राहिली. रेघा बरोबर असत्या तर ती दोन सेकंदांनी जिंकली असती, आणि शर्यतीत दोन सेकंद म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको.

चूक कुणाच्याही हातून होते. एवढंच असतं तर मी तुला केव्हाच हसत हसत सांगितलं असतं. पण मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दोरी टांगायला गेलो, तर लाल दोरी खिळ्यावर तशीच होती, वर्षभराच्या धुळीसकट. माझ्या हातातल्या निळ्या दोरीला फक्की लागलेली होती. नाव कळवायला अजून आठ दिवस होते. शर्यत पुन्हा घेता आली असती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी ढांगी माझ्याकडे आली. रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, ‘‘सर, माझं काय चुकलं?’’ आणि मी, सगळं माहीत असताना, तिला म्हणालो, ‘‘तू शेवटी बाजूला बघितलंस.’’

लोक म्हणतील, सरांनी आपल्या पोरीसाठी रेघा सरकवल्या. मला त्याची भीती होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं आहे. मला आनंद झाला होता, खारूताई. माझी मुलगी पहिली आली याचा मला इतका आनंद झाला होता, की तो परत करायचं माझ्या जिवावर आलं. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. तिला कळलं असतं तर तिने त्याच पावली मला मुख्याध्यापकांकडे पिटाळलं असतं, चपला घालायलाही वेळ दिला नसता.

तुला क्रीडाशाळेत जायचं नव्हतं. पलंगाखाली जाऊन बसली होतीस आणि म्हणत होतीस, ‘‘मला आईजवळ राहायचंय.’’ तुझी आई म्हणाली, राहू दे तिला, लहान आहे. मी गुडघ्यावर बसलो, पलंगाखाली डोकं घातलं आणि तुला सांगितलं, ‘‘ही जागा तू स्वतःच्या पायांनी कमावली आहेस. कमावलेलं टाकायचं नसतं.’’ तू बाहेर आलीस. आईने ट्रंक भरली.

पुढच्या वर्षीच्या शेवटी ती आजारी पडली. तुझ्या स्पर्धा होत्या म्हणून तुला उशिरा कळवलं, तेही मीच ठरवलं. तू पोचलीस तेव्हा तिला माणसं ओळखू येत नव्हती. तू गेल्यापासून ती जाईपर्यंत तू घरी किती दिवस राहिलीस, ते मी मोजलं आहे. एकेचाळीस. बाकीचे सगळे दिवस तुझे होते, आणि ते माझ्यामुळे गेले.

परवा मी हे सगळं ढांगीला सांगितलं. दुकानात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. आधी ती हसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी बघितलं म्हणून नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि मी पोरीला मान वळवली म्हणून ओरडते, रोज.’’ ती काउंटर पुसू लागली. ‘‘तुमच्या मुलीला माहीत आहे हे?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग आधी मला का सांगितलंत? मी जवळ राहते म्हणून?’’

तिने गोळ्यांची पट्टी समोर ठेवली, ‘‘जेवणानंतर, एकच,’’ म्हणाली आणि आत निघून गेली. ‘सर’ म्हणाली नाही. काल तिची मुलगी शर्यतीत चौथी आली. पळताना चहूकडे बघत होती, मैत्रिणींना हात करत होती, आणि सबंध वेळ हसत होती.

प्रशस्तिपत्र सोबत पाठवतो आहे. खाली सही माझीच आहे, तीही बघ. नातीला काय सांगायचं ते तू ठरव. मात्र एक तिला माझ्यातर्फे नक्की सांग, की तिची आई त्या दिवशी पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत जीव तोडून पळाली होती. त्यात खोट नव्हती.

मला क्षमा वगैरे करू नकोस. ती तू लगेच करशील, याचीच मला धास्ती वाटते. आई गेल्यापासून तू माझ्याशी एकदाही भांडलेली नाहीस. ‘हो बाबा’, ‘बरं बाबा’, ‘काळजी घ्या बाबा’. पाहुण्याशी बोलावं तशी बोलतेस, आणि मीही पाहुण्यासारखा ‘बरं बरं’ म्हणत फोन ठेवतो. मग घरात पुन्हा कुणीच नसतं.

तुला राग येईल. तो गिळू नकोस. शाळा पाचला सुटते, साडेपाचला मी घरी असतो. फोन कर आणि मला वाट्टेल ते बोल. नातीला बाहेर खेळायला पाठव आणि ओरडून बोल. मी मधे एक अक्षर बोलणार नाही, आणि तू ठेवल्याशिवाय फोन ठेवणार नाही.

तुझ्या भांडणाची वाट बघत बसलेला,
बाबा