चौदा तारखेची सही

डोंबिवली (पूर्व)
२४ सप्टेंबर २०२५

चि. धम्मपाल यास,
नीला आत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणतो, या बिल्डिंगमध्ये हाताने लिहिलेला कागद येतो तो फक्त माझ्याकडे. फोनवर मला आता नुसती खरखर ऐकू येते आणि व्हॉट्सॲप अमृता वाचून दाखवते ते तिला हवं तेवढंच. तेव्हा आपलं पत्रच बरं.

मोठी बातमी म्हणजे आमच्या अमृता बाईसाहेबांचं लग्न जमलं. मुलगा कल्याणचा, अपूर्व नाव, बँकेत आहे, बोलायला बरा आहे. साखरपुडा १४ ऑक्टोबरला. आपल्यात मुहूर्त बघत नाहीत, पण धम्मदीक्षेची तारीख मिळत असताना दुसरी कशाला घ्यायची? त्या दिवशी मंगळवार आहे आणि एक आड एक मंगळवार तुझा त्या करवंदवाडीचा, हे मला माहीत आहे. पण अमृताला भाऊ म्हणून तूच. तू नसलास तर मी पाहुण्यांशी बोलणारच नाही.

रजेसाठी साहेबांच्या पाया पडू नकोस. मी तीस वर्षं तुमच्याच हिवताप विभागाच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासल्या, फिरतीवरच्या पोरांच्या सगळ्या युक्त्या मला ठाऊक. घराघराच्या भिंतीवर तुम्ही भेटीची तारीख घालून सही करता ना, ती आदल्या फेरीलाच घालून यायची. कुणाचं काही बिघडलं नाही. एका मंगळवाराने आभाळ कोसळत नाही.

वेळेवर जेव. बाकी माया आहेच, ती वाढव.

तुझी,
नीला आत्या

*

खडवली
१ ऑक्टोबर २०२५

ती. नीला आत्यास,
धम्मपालचा सविनय जयभीम.

अमृताचं वाचून फार आनंद झाला. त्या अपूर्वला म्हणावं, अजून वेळ गेलेली नाही, विचार कर.

काल करवंदवाडीला जाऊन आलो. एकतीस घरं, सगळी कातकऱ्यांची, आणि तीन वर्षांत त्यांना माझी इतकी सवय झालीय की मंगळवारी कामावर जायच्या आधी दारात थांबतात. ताप असेल त्याने बोट पुढे करायचं, मी टोचून किटवर थेंब घ्यायचा, पट्टीवर रेघ उमटली की गोळ्या. दौलत मुकणेची सहा वर्षांची नयन तर ताप नसतानाही बोट पुढे करते. नाही टोचलं की रुसते.

तुला गंमत सांगतो. वाडीचा भगत गुणाजी, पहिल्या वर्षी मला शिव्या घालायचा. गेल्या पावसाळ्यात स्वतःच मलेरियाने फणफणला आणि माझ्या गोळ्यांनी उठला. आता कुणाला थंडी वाजून ताप आला की तो राख लावत नाही. हा सुईवाल्या भाऊचा ताप आहे, असं सांगून माझ्याकडे पाठवतो.

तू सांगितलंस ते केलं. एकतीस भिंतींवर कालची तारीख घातली आणि खाली चौदाचीही घालून सही केली. मनाला पटलं नाही, खरं सांगतो. पण येतोय.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
धम्मपाल

*

खडवली
१९ ऑक्टोबर २०२५

ती. नीला आत्यास,
सविनय जयभीम.

साखरपुडा छान झाला. त्याबद्दल नीट लिहायचं होतं, पण आज जमणार नाही.

आत्या, नयन गेली. शनिवारी, अकरा तारखेला तिला ताप आला. दौलत तिला आरोग्य केंद्रात न्यायला निघाला होता. गुणाजीनेच त्याला थांबवलं, तीन दिवसांवर मंगळवार आहे, भाऊ येईल, पोरीला एवढ्या चिखलातून कशाला नेतोस, असं म्हणाला. मंगळवारी ते सगळे दारात बसून होते. मी तेव्हा डोंबिवलीत पाहुण्यांना पेढे देत होतो. पावसात मला कधी एखादा दिवस उशीर होतो, म्हणून त्यांनी बुधवारही काढला. गुरुवारी सकाळी तिला झटके आले. केंद्रातून गाडी कल्याणला निघाली, पण वाटेतच संपलं. रक्तात मलेरिया होता, डोक्यात जाणारा.

मी शुक्रवारी गेलो. दौलतची बायको रंगूबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दौलतने मला विचारलं, तुला बरं नव्हतं का. मी मान हलवली. आत्या, मी होकाराची मान हलवली.

आता चौकशीचा कागद झालाय. कर्मचाऱ्याने चौदाला भेट दिली, तेव्हा वाडीत ताप नव्हता, पालकांनी भगताच्या नादी लागून वेळ घालवला, असं त्यात आहे. भिंतीवर माझी सही आहे, त्यामुळे वाडीची पुन्हा तपासणीही लागलेली नाही. ती लागायला हवी. दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक येतो आणि अर्धी वाडी शीळफाट्याकडे जाते. अंगात मलेरिया घेऊन कोण कोण जाईल, सांगता येत नाही.

खरं सांगायचं तर नोकरी जाते. कायम होणाऱ्यांच्या यादीत यंदा माझं नाव आहे. काय करू ते लगेच लिही.

तुझा,
धम्मपाल

*

डोंबिवली (पूर्व)
२१ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मपाल यास,
अ. उ. आ.

हे पत्र शेजारच्या सर्वेशच्या हाती देतेय, म्हणजे आजच मिळेल.

फार वाईट झालं. पण बाळा, तू डोकं शांत ठेव. पोर परत यायची नाही. तू चौदाला गेला असतास तरी ती वाचलीच असती असं कोण सांगणार? मलेरिया तू आणलेला नाहीस. कागद झालाय तो होऊ दे. त्या गुणाजीचं कोण काय वाकडं करणार आहे? तुझं मात्र आयुष्यभराचं होईल. पाच वर्षं कंत्राटावर काढलीस, आता दारात आलेलं घालवू नकोस.

अठ्ठावीसला जाशील तेव्हा सगळ्यांना तपास, गोळ्या दे. तेवढं केलंस की झालं. कुणाजवळ काही बोलू नकोस.

जेवत जा. तुझी काळजी लागून राहिलीय.

तुझी,
नीला आत्या

*

खडवली
३० ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

तुझं ऐकलं. आठवडाभर तोंड उघडलं नाही. पंचवीसला ट्रक आला आणि एकोणीस घरं कुलूप लावून गेली.

अठ्ठावीसला मी गेलो तेव्हा दारात थांबायला फारसं कुणी नव्हतं. दौलत मुलीचे दिवस व्हायचे म्हणून मागे राहिलाय. भट्टीवर तिघं तापाने पडलीत, असा निरोप त्याला आला होता. गुणाजी मला भेटलाच नाही. लोक म्हणाले, केंद्रातल्या माणसांनी येऊन त्याला पोरीचा जीव घेणारा म्हटलं, तेव्हापासून तो घराबाहेर येत नाही. मी तिथून निघालो तो थेट केंद्राच्या डॉक्टरसाहेबांकडे. चौदाला मी गेलो नव्हतो, तारीख तीस सप्टेंबरलाच घातली होती, असं लिहून दिलं. तुझं नाव घातलं नाही.

साहेबांनी त्याच संध्याकाळी भट्टीवर पथक पाठवलं. सात जणांना मलेरिया निघाला. त्यातली कल्पिता सहा महिन्यांची गरोदर आहे, तिला दवाखान्यात ठेवलंय, अजून धोका आहे म्हणतात. वाडीत होते तेव्हाच तपासले असते तर सगळे आपापल्या घरी गोळ्या घेत बसले असते. मला कामावरून कमी केलंय. तो कागद बदलतील, गुणाजीचं नाव निघेल, असं साहेब म्हणाले.

काल पुन्हा वाडीवर जाऊन दौलतला आणि गुणाजीला समोरासमोर सांगितलं. गुणाजी उठून आत गेला. दौलत उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, बहिणीचं कार्य होतं तर जायलाच पाहिजे होतं. येणार नाही एवढं आम्हाला सांगून गेला असतास, तर मी शनिवारीच पोरीला खांद्यावर टाकून चालत निघालो असतो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तुझा राग धरलेला नाही. तरी सध्या मला सल्ला देऊ नकोस.

धम्मपाल

*

डोंबिवली (पूर्व)
४ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मपाल यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

सल्ला देत नाही. झालेलं तेवढं लिहिते.

तुझं पत्र मी अमृतालाही वाचायला दिलं. तिने ते रात्री दोनदा वाचलं. सकाळी म्हणाली, आई, तारीख बदलून मागितली असती तर अपूर्वच्या घरचे हसत हो म्हणाले असते. खरंच म्हणाले असते. मी विचारलंच नव्हतं.

काल तिला बरोबर घेऊन तुमच्या मोठ्या ऑफिसात गेले आणि लेखी देऊन आले, की ही युक्ती याला मी शिकवली आणि गप्प राहायलाही मीच सांगितलं. तिथला साहेब चांगला होता, चहा दिला. माझी पेन्शन चालू राहील म्हणाला, जणू मी तेच विचारायला गेले होते. तुझ्या कामाचं काही सांगता येत नाही, असंही म्हणाला.

कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी तुला लिहिलं होतं. बिघडलं की नाही हे बघायला मी कधी कुठल्या वाडीवर गेलेच नव्हते. लॅबमध्ये काच यायची, तिच्यावर नंबर असायचा. काच आली नाही तर त्या वाडीत ताप नाही, असं आम्ही धरायचो.

दौलतचं ते वाक्य मी चार दिवस वाचतेय. त्या दिवशी तुला युक्ती लिहिताना साहेबांना काय दाखवायचं हे सगळं मला सुचलं. भिंत सुचली, तारीख सुचली, सही सुचली. त्या भिंतीच्या आत राहणाऱ्या माणसांना, बाबांनो, या मंगळवारी कुणी येणार नाही, एवढं सांगून ये, हे मला सुचलं नाही. तीस वर्षांत एकदाही सुचलेलं नाही.

कल्पिता कशी आहे ते कळव. माया ठेव म्हणायला आज तोंड नाही, पण तुझ्या पत्राची वाट बघतेय.

नीला आत्या