प्रोसेसरचे चार स्क्रू

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. आता कॉलेज अर्धवट सोडून लोणावळ्याच्या बाजारात लॅपटॉप दुरुस्त करतो. आई म्हणते, बापाचाच हात आलाय. हात आला असेल, डोकं न्हाई आलं. कान्हे गावातल्या आपल्या दुकानात तुम्ही मांडववाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायचात. त्यातल्या ट्रान्झिस्टरला पांढरी पेस्ट लावायचं काम एकदा मला दिलंत आणि मी ती चांगली बोटभर थापली. "आरं, पावाला मस्का लावतोय व्हय? उष्णतेला वाट करून द्यायची, चिखल न्हाई करायचा." मग स्क्रू. एक थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा. मी एकच गच्च पिळला, तर हातावर फटका. "एका अंगाला दाबलं की तडकतंय ते!" रागानं मी दिवसभर जेवलो नाही. तुम्हीही जेवला नव्हतात, हे आईनं फार उशिरा सांगितलं.

काल ती आली. कॉलेजातली. तिच्यावरून मी एकाला वर्गात मारलं आणि परत गेलोच नाही, ती. तिचा लॅपटॉप दहा मिनिटांत तापून बंद पडत होता. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचं, वर्षभराचं काम त्यातच, दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाही. "तासाभरात होईल ना रे?" म्हणत समोरच्या स्टुलावर बसली. मी पंखा आणि तांब्याची पट्टी काढतो, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसतो, नवी लावतो, तांदळाच्या दाण्याएवढी. हात जरासुद्धा हलत नाही. "एवढ्यासाठी कॉलेज सोडलंस होय?" ती हसते, मीही हसतो. पट्टी परत ठेवून स्क्रू बसवायला घेतो तेवढ्यात तिचा फोन वाजतो. "हो अहो, पंधरा मिनिटांत निघते." फोन ठेवून हळूच म्हणाली, "साखरपुडा झाला माझा. तुला सांगणारच होते."

पहिलाच स्क्रू मी तळापर्यंत पिळला. खडीसाखर दाताखाली फुटावी तसा एवढासा आवाज आला. पट्टी उचलून बघितली, प्रोसेसरचा कोपरा उडाला होता. बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं. "आधीच गेलेला होता," मी म्हणालो, "तापून तापून." "आणि माझं प्रोजेक्ट?" "सगळं गेलं." ती रडली आबा, चार गिऱ्हाइकांसमोर, आणि लॅपटॉप तसाच टाकून गेली. मला आधी बरं वाटलं. मग जेवण गेलं नाही.

आज रविवार, दुकान बंद. तुम्ही असता तर कानाखाली ठेवून दिली असती, मी खाऊनही घेतली असती. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक सांगतो. हार्ड डिस्क वेगळी असते, तिला काहीच झालेलं नाही. काल दुसऱ्या मशीनला जोडून बघितली, काम सगळं जागच्या जागी आहे. डिस्क आत्ता माझ्या खिशात आहे. सकाळपासून तिचे दोन फोन येऊन गेले. मी उचललेले नाहीत.