चाळीस पावलांचा आदेश

४ फेब्रुवारी

आज जागेवर निकाल दिला! अर्ज आला सोमवारी, आदेश निघाला गुरुवारी. आमच्या जमीन कार्यालयात हा विक्रम असावा. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगितलं.

प्रकरण शिंपीणबाईंचं. नवरा गेला त्याला वर्ष झालं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची दोन शिलाई मशिनं. चौदा वर्षं तिथंच शिवतायत. गेल्या आठवड्यात धाकट्या दिरानं शेडभोवती तारेचं कुंपण घातलं, कुलूप ठोकलं आणि म्हणाला, जागा माझी. मशिनं आत, बाई बाहेर!

मी जीपमधून उतरलो. मोजणीदाराची वाट कोण बघणार? घराच्या भिंतीपासून शेडच्या टोकापर्यंत स्वतः ताडताड चाललो. चाळीस पावलं. पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे शंभर फूट. कागदावर बाईंच्या जागेची हद्द एकशे दहा फुटांवर. शेड आत. संपलं! बॉनेटवर कागद ठेवून आदेश लिहून दिला — शिंपीणबाई या जागेच्या मालक. कुंपण तिथल्या तिथे उपटवलं.

हेडक्लार्क अर्थातच कुरकुरला. त्याला आम्ही ‘ब्रेक’ म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘साहेब, जरा थांबा’नं सुरू होतं. “साहेब, जरा थांबा. मालकी कोणाची, हे आपल्याकडे येत नाही. ते दिवाणी कोर्ट ठरवतं. आपण मोजणी करायची आणि अहवाल द्यायचा.” मी म्हटलं, अहवालानं कधी कुणाचं कुलूप उघडलंय?

बाई रडल्या. म्हणाल्या, वकील म्हणतो कोर्टात दावाही लावून ठेवा. मी हात झटकला — “कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता? मी लिहून दिलंय ना!”

घरी येताना शीळ घालत होतो.

५ फेब्रुवारी

बायको म्हणाली, “मोरीचा नळ महिनाभर गळतोय. त्याचाही जागेवर निकाल लावा की.” घरात मला अधिकार नाहीत, फक्त कर्तव्यं आहेत.

१९ मार्च

ऑफिसात लोक मला आता ‘जागेवर साहेब’ म्हणतात. कौतुकानं म्हणतात असं मी धरून चाललोय. खात्याच्या बैठकीत वरिष्ठांनी पाठ थोपटली. पदोन्नतीची यादी ऑक्टोबरात लागणार. सूट शिवायला टाकावा काय? शिंपीणबाईंकडे नको — उगाच पक्षपात दिसेल.

२ जून

वरच्या कोर्टाची नोटीस. दिरानं माझ्या आदेशाला आव्हान दिलंय. ‘अधिकाऱ्यानं अधिकाराची मर्यादा ओलांडली.’ पहिल्या पानावर नुसतं माझं पद होतं, तेव्हा जरा बरं वाटलं. दुसऱ्या पानावर नाव निघालं. पूर्ण नाव, वडिलांसकट! वडील बिचारे पोस्टात होते. त्यांनी आयुष्यात कुठली मर्यादा ओलांडली नाही.

ब्रेकनं नोटीस वाचली, घडी घातली, फायलीत लावली. ‘साहेब, जरा थांबा’ म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

२० जून

सरकारी वकिलांकडे गेलो. वकीलबाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, “आदेश कुठल्या कलमाखाली काढलात?”

“न्यायाच्या,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

८ सप्टेंबर

सुनावणी. वकीलबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही यायची गरज नाही. तरी गेलो. हात दाखवून अवलक्षण!

न्यायमूर्तींनी आदेश वाचला. मग तो परत वाचला — मोठ्यानं. “चाळीस पावलं? खात्याकडे मोजणीची साखळी नाही का?” वकीलबाईंनी मागे बोट दाखवलं, अधिकारी इथं हजर आहेत. मी उभा राहिलो. “तुमचं पाऊल किती लांब आहे?” “अडीच फूट.” “कधी मोजलंत?” सगळं कोर्ट हसलं. दीरही हसला. माझ्या शेजारी बसलेल्या शिंपीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

न्यायमूर्ती मग शांतपणे म्हणाल्या, तुमचा हेतू चांगला असेलही. उद्या दुसरा अधिकारी वाईट हेतूनं असाच बॉनेटवर मालक ठरवेल. त्याला आम्ही काय सांगायचं?

मी खाली बसलो.

घरी आल्यावर बायकोला टेप धरायला लावली आणि हॉलमध्ये चाललो. बरोबर अडीच फूट! मी तिच्याकडे ऐटीत बघितलं. ती म्हणाली, “हे घरातलं चालणं. ऑफिसात चालता तसं चाला.” चाललो. तीन फूट. म्हणजे एकशेवीस. म्हणजे शेड हद्दीबाहेर! की आत? देव जाणे. सात महिने मी न्याय केला म्हणून मिरवतोय आणि मला काहीही माहीत नव्हतं.

१५ सप्टेंबर

आदेश रद्द. आदेशाआधी जे होतं ते तसंच परत करायचं — म्हणजे कुंपण पुन्हा उभं, कुलूप पुन्हा लागलं. दोघांनी दिवाणी कोर्टात जावं. माझ्यावर दोन ओळींचा ठपका, तोही सौम्य. वरिष्ठांचा फोन आला. “सद्हेतूनं घडलं असा खुलासा द्या आणि गप्प बसा. यादीला धक्का नाही.” सुटलो! बाई आता कोर्टात जातील, चौदा वर्षांचा ताबा दाखवतील, जिंकतील. हे सगळ्यांना ठाऊक होतंच. मलाच काय ती घाई.

२२ सप्टेंबर

शिंपीणबाई ऑफिसात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

वकिलानं त्यांना सांगितलंय — ताबा परत मिळवायचा दावा कुंपण घातल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. हद्द, मोजणी काही लागत नाही, चौदा वर्षं मशिनं तिथं होती एवढंच पुरतं. कुंपण जानेवारीतलं. मुदत जुलैत संपली.

“साहेब, तुम्ही म्हणालात ना, मी लिहून दिलंय. कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका म्हणालात. म्हणून मी नाही गेले.” आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “लोकांचे कपडे आत अडकलेत. रोज कुणीतरी दारात येऊन विचारतं. मी काय सांगू त्यांना?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढंच केलं मी चार फेब्रुवारीला. दिरानं त्यांना शेडबाहेर काढलं, आणि मी कोर्टाबाहेर.

लाज वाटते. लिहायलाही लाज वाटते, पण दुसरं कुणाला सांगू?

२४ सप्टेंबर

बाईंच्या वकिलाला भेटलो. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. ‘साहेबांनी सांगितलं’ असं बाई म्हणतील, त्याला पुरावा काय? साहेबांनी स्वतः शपथेवर लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. वकील हसत म्हणाला — “पण कुठला साहेब देतो?”

२६ सप्टेंबर

शपथपत्र देऊ का विचारलं, तर वरिष्ठांनी फोनवर झापलं. अर्जदाराला कोर्टात जाण्यापासून रोखलं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणार? मग कसला सद्हेतू! चौकशी लागेल. यादीतून नाव जाईल ते वेगळंच.

बायकोला सगळं सांगितलं. ती निर्णय देईल असं वाटलं होतं. म्हणाली, “नळाचं मी बघून घेईन. हे तुमचं तुम्ही बघा.”

सबबी भरपूर सुचतायत. बाईंना तसं ‘नका जाऊ’ कुठं म्हणालो होतो? ‘कशाला’ म्हणालो होतो. ‘कशाला’ हा प्रश्न आहे, सल्ला नव्हे! स्वतःच्या बचावाला मी किती हुशार वकील आहे. दुसऱ्याच्या वेळी ही हुशारी कुठं गेली होती?

खुलासा लिहून ठेवलाय. ‘सद्हेतूनं घडलं.’ उद्या पाठवीन.

२९ सप्टेंबर

खुलासा फाडला. शपथपत्र ब्रेककडूनच टाईप करून घेतलं. सगळं घातलं — चार फेब्रुवारी, बॉनेट, हात झटकला तेसुद्धा. ‘साहेब, जरा थांबा’ची वाट बघत होतो. आलं नाही. शेवटी मीच विचारलं, “काय हो, हे तरी आपल्याकडे येतं का?”

“हे आपल्याकडेच येतं, साहेब,” तो म्हणाला, आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.