डॉक्टरबाईंच्या गाडीचा शेवटचा नट

प्रिय भिंगरी,

ताईच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना? तिच्या हाती बाटली देऊ नकोस. अर्धे थेंब गालावर जातील आणि वर औषधच पाणचट आहे म्हणून डॉक्टरला नावं ठेवेल. तुझी आई असली तरी माझी सख्खी बहीण आहे, मी तिला पुरती ओळखून आहे. तू गेल्यापासून वर्कशॉप सुनंसुनं झालंय असं मी मुळीच लिहिणार नाही. झकास चाललंय. आपला मदतनीस लंबू रेडिओ पुन्हा पूर्ण आवाजात लावतो, कॉम्प्रेसर बंद करायला रोज विसरतो, आणि मी ओरडले की पन्नाशीचा बाप्या असून लहान पोरासारखं तोंड करतो. एवढा हात गुंतलेला असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस म्हणून. मी मुद्द्यावर आले की तुझ्या आईला नेमकी तेव्हाच भूक लागते.

शुक्रवारी तुला त्या गाड्यांच्या कंपनीच्या नोकरीला हो की नाही ते कळवायचंय. आज मंगळवार. उद्या सकाळच्या पार्सलगाडीने हे निघालं की परवा तुझ्या हातात पडेल, म्हणजे विचार करायला एक अख्खी रात्र मिळेल. नाही म्हणणार आहे, असं तू जाताना दारात उभी राहून सांगून गेलीस आणि कारणं दिलीस तीन. तिथलं पाणी मानवणार नाही, तिथे ओळखीचं कोणी नाही, आणि ती माणसं सगळं कॉम्प्युटरवर करतात. पाण्याचं ऐकून लंबूसुद्धा फिसकन हसला. जी मुलगी गाडीखाली उताणी पडून, दातांत टॉर्च धरून, वरून गळणारं तेल तोंडावर घेते, तिला म्हणे पाणी मानवणार नाही! तेव्हा मला वाटलं, तू घाबरलीस. नव्या जागेला कोण घाबरत नाही? पण काल सकाळी दातांच्या डॉक्टरबाई गाडी दाखवायला आल्या आणि माझा सगळा हिशेब चुकला.

त्यांची गाडी तू आता लाखात ओळखशील. मला आठवतोय तो त्यांचा पहिला दिवस. दोन सीटची ती बुटकी, लालभडक गाडी दारात घेऊन आल्या आणि पर्समधून मासिकातलं कापलेलं चित्र काढलं. रेसच्या मैदानातली, जमिनीला पोट टेकलेली गाडी. अशी करून द्या, म्हणाल्या. वळणावर जरासुद्धा कलता कामा नये. मी असते तर सगळ्यात कडक स्प्रिंग आणि तसेच शॉकअब्सॉर्बर मागवले असते, बसवून दिले असते आणि महिन्याभराने बाई कंबर धरून आल्या असत्या. आपल्या धंद्यात सगळे हेच करतात. गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं आणि मागून हसायचं. तू मात्र पाना हातात घेण्याऐवजी वही घेतलीस. सलग तीन दिवस सकाळी साडेसातला त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून दवाखान्यापर्यंत गेलीस. मी लंबूला म्हटलंसुद्धा, ही पोरगी गाडी दुरुस्त करणार आहे की बाईंचं चरित्र लिहिणार आहे?

ती वही मी परवा पुन्हा उघडून वाचली. एकतीस गतिरोधक. पुलाचे चार सांधे, त्यातला तिसरा वाईट. दवाखान्याच्या तळघरात उतरणारा उतार, जिथे गाडीचं नाक आत्ताच खरडतंय. शेजारच्या सीटवर रोज एक खोकं असतं, त्यात रोग्यांच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे. हादरा बसला की बाई डावा हात खोक्यावर ठेवतात, म्हणजे नेमक्या खराब रस्त्यावर स्टिअरिंग एकाच हातात. आणि खाली रेघ मारून तू लिहिलंयस, 'ही गाडी रविवारची नाही, रोजची आहे.' पंचेचाळीस वर्षं मी गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर बदलतेय, पण गाडीच्या मालकाचा डावा हात कुठे असतो, ते बघायचं मला कधी सुचलं नाही.

मग तू बाईंना समोर बसवून नाही म्हणालीस. तेही किती गोड! गाडी मैदानावर न्यायची असेल तर ह्या चित्रातल्यासारखी करून देते, पण दवाखान्यात न्यायची असेल तर माझं ऐका. स्प्रिंग किंचितच कडक, उंची एकच बोट कमी, आणि कडकपणा कमीजास्त करता येईल असे खटक्यांचे शॉकअब्सॉर्बर. त्या जरा हिरमुसल्या. मीही आतून धास्तावले होते, आलेलं काम हातचं जातंय की काय म्हणून. पण तू दोन आठवडे त्या खटक्यांच्या मागे लागलीस. पुढे दोन खटके कमी, फेरी. मागे एक वाढव, फेरी. चाकांच्या दांड्यांच्या सांध्यांतले जुने, चुरा झालेले रबरी बुश काढून नवे घातलेस. शेवटी मला शेजारी बसवून नेलंस. पाण्याच्या टाकीच्या वळणावर मी सवयीने दाराची कडी धरली आणि गाडी कललीच नाही. पुढच्या गतिरोधकावर दात आपटतील म्हणून जबडा आवळून बसले, तर नुसतं उशीवर बसल्यासारखं झालं. तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, ठीक आहे. खोटं बोलले गं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं माझ्या. चार दिवसांनी बाईंचा फोन आला, की हल्ली त्या दवाखान्यातून घरी लांबच्या रस्त्याने जातात. उगाचच. ते मी तुला सांगितलं, पण सांगताना माझा आवाज कसा झाला होता ते तुला नट सोडवायच्या इंपॅक्ट गनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

तुझे आजोबा ट्रकचे पाटे ठोकायचे. भट्टीत लाल केलेली पोलादी पट्टी, घण आणि अंदाज, एवढ्यावर त्यांचा धंदा. मी घण सोडून पाना धरला. आणि आता बाईंनी हौसेने चालवायला दिलेली तुझ्या हाताची गाडी चालवून त्या कंपनीच्या चाचणी विभागाचे साहेब, बाईंकडे दाढ काढायला आलेला माणूस, सुजलेल्या गालाने आपल्या दारात येऊन विचारतात की ही गाडी कोणी जुळवली? मी बोट दाखवलं, तेव्हा तू फडक्याने हात पुसत होतीस आणि फडकंच जास्त काळं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, कोणी? मी पुन्हा तेच बोट दाखवलं. आयुष्यात इतक्या तोऱ्याने मी कोणाकडे बोट दाखवलं नसेल.

तर काल सकाळी बाई आल्या. हजार किलोमीटर झाले की सगळे नट तपासायचे, हे तूच त्यांना बजावलं होतंस. मी गाडी लिफ्टवर चढवली आणि एकेक नटावरची खूण बघत फिरले. तुला माहीत आहे, नट पक्का आवळला की आपण त्याच्यावरून पेंटच्या पेनाने रेघ ओढतो, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. तुझी पांढरी, माझी पिवळी. आजोबांपासून आपल्याकडे शेवटचा नट वर्कशॉपच्या मालकाने आवळायचा, म्हणून मागच्या डाव्या चाकाजवळ, बुशाच्या नटावर, पिवळी रेघ होती. अखंड. सरळ. सुबक. आणि मी तिथेच थांबले. माझं पेन धरायचं बोट दारात चेंगरल्यापासून वाकडं आहे. माझ्या रेघेला शेवटी शेपूट येतं, गेली वीस वर्षं येतंय. ही रेघ माझी नव्हतीच.

मग तो दिवस सगळा डोळ्यांपुढे आला. तू तो शेवटचा नट मुद्दाम सैल ठेवून चाकांखाली घालायचे लाकडी ठोकळे आणायला मागे गेली होतीस. मी तुला अगदी पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट, की गाडी लिफ्टवर लटकत असताना बुशाचा नट आवळायचा नाही. गाडी खाली घ्यायची, तिचं वजन तिच्या चाकांवर येऊ द्यायचं, मग खाली झोपून आवळायचा. नाहीतर रबर लटकलेल्या अवस्थेतच पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर जन्मभर पिळलेलं राहतं. तो कोपरा आखडतो आणि काही महिन्यांत रबर फाटतं. आणि त्या दिवशी मी तो नट उभ्याने आवळला होता. उभ्याने! आपल्याकडे गाडीखाली उभं राहायचा खड्डा नाही, त्यामुळे जमिनीवरच्या गाडीचा तो नट उभ्याने आवळताच येत नाही. तू ठोकळे घेऊन आलीस, तेव्हा मी रेघ ओढून हात धूत होते. जरा फेरी मारून आणते म्हणालीस आणि दीड तासाने आलीस. काल दुपारी मी चाकं सरळ करून देणाऱ्या अलाइनमेंटवाल्याला फोन केला, खड्डा त्याच्याकडेच आहे म्हणून. तो बिचारा भोळा, लगेच सांगून मोकळा झाला, की तुमची भाची खड्ड्यात उतरून एक नट सोडवून पुन्हा आवळून गेली, आणि पिवळा पेंट आहे का विचारत होती.

माझी खूण खोटी केलीस म्हणून मला राग यायला हवा होता. आला नाही. गाडीखाली उभी राहून मी एकटीच हसले आणि मग डोळे भरून आले. लंबूला सांगितलं, तेल उडालं. पंचेचाळीस वर्षांत माझी चूक पकडणारं कोणी भेटलं नव्हतं, आणि पकडून वर झाकून ठेवणारं तर नाहीच. तू ती दुरुस्त केली नसतीस, तर साहेबांना तो आखडलेला कोपरा पहिल्याच वळणावर कळला असता. पण मग बाकीच्या गोष्टीही एकेक करून जुळत गेल्या. गेल्या महिन्यात तू सगळ्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्यास, 'बुश', 'वॉशर', 'चाव्या'. मला वाटलं, टापटीप. मधूनच विचारायचीस, मावशी, परवाची निळी गाडी कोणाची होती गं? मला वाटलं, गप्पा. रविवारी तर ताईने फोनवर एकदम विचारलं, तुला अलीकडे विसरायला होतं का? आजोबा शेवटची दोन वर्षं हातात पाना घेऊन नुसते उभे राहायचे आणि कशाला घेतला ते तुला विचारायचे. दहा वर्षांची होतीस तू. त्यांचा हात धरून, ज्या गाडीचं काम चालू असायचं तिच्यापाशी त्यांना नेऊन उभं करायचीस. ते तू विसरणार नाहीस, आणि माझ्यात तेच शोधते आहेस. पाणी नाही, ओळखी नाहीत, कॉम्प्युटर नाही. तू माझ्यावर पहारा द्यायला थांबते आहेस.

म्हणून हे लिहायला बसले. कालपासून चार कागद फाडले, कारण हे सांगायला मला मरणाची लाज वाटते. भिंगरी, मी विसरले नव्हते. नट आवळताना मला नियम पक्का ठाऊक होता. उजवा गुडघा आठवडाभर ठणकत होता, खाली झोपले असते तर उठायला लंबूचा हात धरावा लागला असता, आणि तुमच्या दोघांसमोर मला ते नको होतं. म्हटलं, एका नटाने काय होतंय, कोणाला कळतंय. म्हणजे मी कामचुकारपणा केला, तोही तुझ्या कामावर, आणि मानभावीपणे वर रेघ ओढली. मला आजोबांचा आजार नाही. निळी गाडी पोस्टमास्तरांची होती आणि तिचा मागचा उजवा शॉकअब्सॉर्बर गळत होता. मला आहे तो तोरा, आणि तोऱ्यापायी मी तुला फसवलं. तू मला आजारी समजून सांभाळत राहिलीस, आणि मी हे सांगितलं नसतं तर एवढी मोठी संधी माझ्या एका लबाडीवरून ओवाळून टाकली असतीस. आज सकाळी मी लंबूला सगळं सांगितलं. यापुढे खाली झोपायचं काम त्याचं, आणि त्याने आवळलेला प्रत्येक नट मी तपासणार, त्यासाठी उठताना हात धरावा लागला तरी धरणार. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळही घेतली आहे. इथे राखण करण्यासारखं काही उरलेलं नाही. तू मला चुकताना पाहिलंस, दुरुस्त केलंस आणि माझी लाज राखलीस. ह्याहून जास्त माझ्याकडे तुला शिकवायला काही नाही. आता माझ्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसांत जा. शुक्रवारी हो म्हण.

आज पहिल्यांदाच तुझ्यापासून काही न लपवता,
तुझीच,
मावशी