फोन मी धरला होता

अप्पा, शरणार्थ.

तुम्ही गेल्याला आज चाळीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही, म्हणून लिहिते.

मोबाइलवरच्या डॉक्टरांची वेळ मीच घेतली होती. घरातली पहिली पदवीधर मी. सास्तूरच्या म्हाताऱ्या माणसांना सोलापूरचे हेलपाटे पडू नयेत, असं मला वाटायचं. तुम्हाला फोन जमणार नाही म्हणून मीच तो तुमच्यासमोर धरून बसले. डॉक्टरांनी विचारलं, "लघवीतून रक्त जातं का?" तुम्ही आधी माझ्याकडं पाहिलंत, मग म्हणालात, "न्हाय." गोळ्या घरपोच आल्या. सहा महिन्यांनी गाठ सापडली, तेव्हा उशीर झाला होता.

आई तेव्हा एवढंच म्हणाली, "धोतर म्या धुतेय की गं. मला तरी इचारायचं."

काल शेजारचे खाजाभाई तसलंच दुखणं घेऊन आले. मी डॉक्टरांना फोन लावला तर खाजाभाई मला म्हणाले, "बेटी, तूच बोल की. एवढी शिकलीस कशाला मग?"

मी फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून उभा केला, बंद करायचं बटण दाखवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आईला घेऊन रस्त्यापलीकडं लिंबाखाली जाऊन बसले. तिथं आतलं काही ऐकू येत नाही.

दार लई वेळ बंदच होतं. खाजाभाई बोलत होते, अप्पा.

तुमची,
शिवप्रिया