दोन्ही बाजूंना तेच गाणं

३ फेब्रुवारी १९९९, बुधवार

कसलं गाणं ते! सकाळी आमच्या पोरीनं, मृण्मयीनं लावलं. आधी नुसती एक जाड तार घुमते. बराच वेळ कोणी बोलतच नाही. मग एक घोगरा बाप्या येतो. गात नाही, तक्रार केल्यासारखा बोलतो. माझी लिंगपूजा चालू होती. नमः शिवाय मधेच तुटलं, पहिल्यापासून म्हटलं.

कॅसेट राघवेंद्रनं पाठवलीय. माझा भाचा, पुण्याला कंप्युटरात असतो तो. मृण्मयी सांगते, "आई, विलायतेतला जुना बँड आहे. पंक नावाचा धांगडधिंगा असायचा, त्याच्या नंतरचे लोक. वीस वर्षं वाजवतात. हे त्यांचं नवं सिंगल." सिंगल म्हणजे एकच गाणं म्हणे. बरं, एक तर एक! पण ह्या शहाण्यानं कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच तेच भरलंय. एवढ्या जागेत किती अभंग मावले असते.

बारावीच्या तोंडावर हे! ह्यांची मास्तरकी गावच्या शाळेत, म्हणून त्यांना तिथं एकटं सोडलं, हातानं भाकरी थापतात बिचारे. मी लातूरला खोली करून राहिले ती पोरीच्या क्लाससाठी— ह्या घोगऱ्यासाठी नाही.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा सेल आणावे लागले. लाईट गेली तरी हिचं गाणं थांबत नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

क्लासच्या सरांनी बोलावलं. "ताई, मुलगी हुशार आहे. पण सराव पेपर अर्धा टाकून उठून जाते. दोनदा झालं. बोर्डात असं केलं तर वर्ष गेलं समजा." का उठतेस गं? तर वही उघडून गणितं करायला बसली. ते गाणंच डोक्यात घुमत असणार, दुसरं काय!

११ फेब्रुवारी, गुरुवार

लाज गेली आज.

घरमालकीण पार्वतम्मांचा मोठा डेक मृण्मयीनं मागून आणला. मी मेथी निवडत बसले होते. कोपऱ्यात आमची भांडी एकावर एक मांडलेली असतात— तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी. हादरा बसला की वाजावीत म्हणून. किल्लारीच्या भूकंपापासून घरोघरी आहे तसं. ती तार घुमायला लागली, वाटी थरथरली आणि सगळं धाडकन खाली! मी "पळा, पळा!" ओरडत पोरीला दंडाला धरून रस्त्यावर. माझं ऐकून सगळी गल्ली बाहेर. पार्वतम्मा तर डोक्याला शिकेकाई लावलेल्या तशाच.

आतून तो घोगरा बोलतच होता. मग कळलं सगळ्यांना.

"काय ओ वैनी, भूकंप तुमच्या खोलीपुरताच आल्ता काय?" पार्वतम्मा म्हणाल्या. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मृण्मयी मात्र रडत होती.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

कॅसेट घेऊन पार्वतम्मांकडे गेले. फेकायची कशाला? त्यावरच भजनं भरून घ्यावीत. लाल बटणावर बोट ठेवलं तेवढ्यात मृण्मयी धावत आली. "आई, नको! मीच मागितलंय राघवदादाला!"

मग सगळं बाहेर आलं. क्लासशेजारी पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की हिला भूकंपाची ती पहाट आठवते. जमिनीखालून आली होती ती घरघर. सातवीत होती तेव्हा. इतकी वर्षं एक शब्द बोलली नाही! गिरणी घुमली की पेपर टाकून पळते.

"तसाच आवाज असलेलं गाणं पाठव म्हटलं दादाला. रोज ऐकून ऐकून भीती घालवायलेय मी. काल मोठ्या आवाजात लावून गणितं सोडवत होते. उठले नव्हते, आई. तू ओढलंस मला!"

कॅसेट तिच्या हातात दिली.

१४ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. सिद्धेश्वराच्या दर्शनाला लई गर्दी. एकच मागितलं— हिची भीती काढून घे.

दुपारी तिच्याशेजारी बसून गाणं ऐकलं. तार घुमली तशी मलाच ती पहाट आठवली. दोनदा उठून गेले, परत येऊन बसले. काय म्हणतो गं हा? "म्हातारा झालो, पण घाबरणं काही सुटलं नाही, असं म्हणतो." विलायतेतही असं असतं तर! मग तो तितका वाईट वाटला नाही. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बसून राहिले.

२२ फेब्रुवारी, सोमवार

सराव पेपर पूर्ण! गिरणी चालू होती, तरी उठली नाही! सर स्वतः सांगत आले. साखरेचा नैवेद्य दाखवला.

४ मार्च, गुरुवार

बोर्डाचा फिजिक्सचा पेपर. मधेच खरा हादरा बसला. बारीकच. पडलं-झडलं काही नाही. पण गेटाबाहेर आम्ही आया किंचाळलो. पोरं, पोरी, मास्तर सगळे मैदानात धावत आले. मी एकेक तोंड बघत गेले. मृण्मयी कुठंच नाही.

शिपाई धापा टाकत आला. "एक पोरगी आतच हाय. लई हाका मारल्या. उठंना. लिहायलीय."