नऊचे सात

मंगळवार, मार्च १९७३

आज जिंकले मी. बोटं अजून स्टेन्सिलवरची चूक बुजवायच्या लाल फ्लुइडनं माखलीत, माखू देत.

दुष्काळी कामावरची हजेरी परवापासून सकाळी सातला, आणि मी टाइप केलेल्या नोटिशीत पडलं ९. मसुद्यातच नऊ होतं, पण ते हेडक्लार्क भाऊसाहेबांना कोण सांगणार? उशिरा येणाऱ्याची हजेरी लागत नाही. म्हणजे घोडेगावकडच्या बायका उन्हातून आल्या पावली परत. प्रती काढायची स्टेन्सिल टाइपरायटरमधून उतरवलेली, आणि कपाटात दुसरी नाही.

“बसा आता हातानं प्रती लिहीत,” भाऊसाहेब म्हणाले.

गठ्ठा घेऊन जाणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत? सगळ्या?

त्या ९ वर फ्लुइड लावलं, फुंकून वाळवलं, स्टेन्सिल परत चढवली. कडेला छापलेल्या आकड्यांवरून ओळ लगेच सापडली. पण ओळीतली नेमकी जागा? रोलर सैल करून स्टेन्सिल केसभर सरकवली. शेजारचं अक्षर टाइपरायटरच्या खुणेत बसतंय का? बसलं. मग श्वास रोखून एकदाच ७.

प्रती निघाल्यावर वरची भाऊसाहेबांनी खिडकीशी धरली, चष्मा वर-खाली केला.

“बाई, कुठं होतं हो ते नऊ?”

“शोधा,” म्हटलं, आणि गठ्ठा बांधायला घेतला.